भिकाजीचा दाखला

आमच्या मावळात माणूस जन्मला की आधी रडतो आणि मग त्याला दाखला लागतो. जन्माचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला. शेवटचा एक दाखला आणायला स्वतः जावं लागत नाही, एवढीच काय ती सवलत. त्यामुळे एकोणीसशे एकोणसत्तरच्या जानेवारीत पुण्याच्या एका वर्तमानपत्रात ‘मावळच्या शास्त्रज्ञाचे दाखले जगभर’ असा मथळा आला, तेव्हा कामशेतच्या बाजारपेठेनं त्याचा जो अर्थ लावला, त्यात बाजारपेठेची काही चूक नव्हती.

शास्त्रज्ञ म्हणजे डॉ. भिकाजी असवले. नाणे मावळातल्या एका वाडीत जन्मलेला आणि आता पुण्याच्या एका संशोधनसंस्थेत असलेला. घन पदार्थांचं भौतिकशास्त्र हा त्याचा विषय. म्हणजे धातू, स्फटिक असले पदार्थ घ्यायचे, गार करायचे, त्यांना वीज लावायची आणि ते काय म्हणतात ते लिहून घ्यायचं. तर झालं असं, की अमेरिकेत एक जाडजूड ग्रंथ निघू लागला होता. कोणत्या शास्त्रज्ञाच्या लेखाचा उल्लेख दुसऱ्या किती शास्त्रज्ञांनी आपापल्या लेखांत केला, याची त्यात मोजदाद असे. लेखात काय आहे हे बघायची त्यामुळे गरज उरत नसे. हा ग्रंथ संस्थेच्या ग्रंथालयात आला. संचालकांनी आधी स्वतःचं नाव पाहिलं आणि मग जरा घाईनं इतरांची पाहिली. असवल्यांच्या एका लेखाचा उल्लेख त्रेसष्ट जणांनी केला होता. त्यांच्या खालोखाल जे गृहस्थ होते त्यांचा सात जणांनी, आणि त्या सातांत पाच वेळा ते स्वतःच होते.

बातमीदाराला ‘उल्लेख’ हा शब्द मिळमिळीत वाटला. त्यानं ‘दाखला’ घातला. मराठी म्हणून त्यात खोट काढता येणार नाही.

भिकाजीचा थोरला भाऊ गेणू हा कामशेतला रतनशेठच्या भाताच्या गिरणीत मुकादम होता. गाडीतून आलेलं भात नीट वाळलेलं आहे की नाही हे बघून मगच आत घ्यायचं, हे त्याचं काम. ओलं भात गिरणीत घातलं तर तांदूळ निघायच्या ऐवजी कणी निघते. बातमी त्याला वाचून दाखवल्यावर गिरणीतल्या हमालांना त्यानं तिचा अर्थ सांगितला तो असा:

“आपुन कचेरीत अर्ज देतो, तवा दाखला जोडावा लागतो का न्हाई? न्हाई जोडला तर कागुद पुढं सरकत न्हाई. तसंच हाये तिकडं. आमच्या भिक्याचा दाखला जोडल्याबिगर अमेरिकेचा कागुद बी सरकत न्हाई.”

या प्रकाराचं विवेचन मी पुढं अनेक विद्वानांच्या तोंडून ऐकलं, पण इतकं बिनचूक पुन्हा ऐकलं नाही.

आठवड्याच्या आत सत्कार समिती स्थापन झाली. अध्यक्ष अर्थातच रतनशेठ, कारण सत्काराला ठरलेलं अंगण त्यांच्या गिरणीचं होतं. ते लोणावळ्याला माझ्याकडे आले. मी एका साप्ताहिकात वर्षानुवर्षं लोकांची टिंगल करून नुकताच निवृत्त झालो होतो आणि तिथंच वळवणला घर करून राहिलो होतो. आपल्याकडे ज्याच्या चार ओळी छापून आल्या आहेत त्याला मानपत्र, मृत्युलेख आणि लग्नपत्रिका लिहिता येतेच असं धरून चालतात. तिन्हींचा मजकूर फारसा निराळा नसतो, तेव्हा मीही हो म्हणालो. माहितीसाठी डॉक्टरांनाच रविवारी तुमच्याकडे पाठवतो, असं सांगून रतनशेठ गेले.

डॉक्टर आला. उंच, हडकुळा, पंचेचाळिशीचा माणूस. वयानं माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. खुर्चीत बसला तो शाळेच्या हेडमास्तरांसमोर बसावं तसा. मी वही-पेन्सिल घेऊन जन्मगाव, शिक्षण असं विचारू लागलो. त्यानं थोडा वेळ उत्तरं दिली आणि मग म्हणाला, “नाना, मानपत्रात तेवढं दाखल्याचं लिहू नका.”

मी म्हटलं, सत्कारच मुळी दाखल्याचा आहे. नवरदेवाचं नाव न घालता लग्नपत्रिका कशी छापायची?

तेव्हा त्यानं जे सांगितलं ते असं. चौदा-पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. तो मिठाच्या स्फटिकांवर काम करत होता. मीठ म्हणजे आपण खातो तेच, फक्त त्याचा काचेसारखा स्वच्छ खडा वाढवायचा. असा एक खडा गार करून त्याचे विजेचे गुण मोजताना एका ठिकाणी यंत्राचा काटा एकदम उडाला. पुस्तकांप्रमाणे तो तिथं उडायला नको होता. पुन्हा मोजलं, पुन्हा उडाला. भिकाजीनं लेख लिहिला, तो विलायतेच्या मासिकात छापून आला आणि वर्षभरात असवले हे नाव चार देशांत लोक चुकीच्या उच्चारानं का होईना, पण घेऊ लागले. मग जर्मनीत कुणीतरी तोच खडा आधी भट्टीत चांगला वाळवला आणि मग मोजला. काटा जागचा हलला नाही. खडा ओलसर होता, एवढंच त्यातलं रहस्य. भिकाजीनं मोजमाप केलं ते भर पावसाळ्यात, आणि त्याची वाळवायची भट्टी तेव्हा बिघडलेली होती. तिच्या दुरुस्तीचा अर्ज मंजुरीच्या वाटेवर होता.

“आमच्या लोणावळ्यात हा शोध दर आषाढात प्रत्येक स्वयंपाकघरात लागतो,” मी म्हणालो. बोलायला नको होतं, पण जन्माची खोड.

तो हसला नाही. “एका जर्मनानं हेच छापलंय,” म्हणाला. “जरा सभ्य शब्दांत.”

“आणि ते त्रेसष्ट?”

“त्यांतले साठ जण एकच वाक्य लिहितात. असवले यांच्यासारखी चूक होऊ नये म्हणून स्फटिक आधी वाळवून घेतला. आता ते लिहायची पद्धतच पडली आहे. खडा वाळवला की माझं नाव घालायचं.”

“उरलेले तीन?”

“दोघांनी घाईघाईत स्तुती केली होती. तिसरा मी.”

मी पेन्सिल खाली ठेवली. तो खिडकीबाहेर बघत होता. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. शेजाऱ्यांची बकरी माझी जास्वंद खात होती.

“भट्टी दुरुस्त झाली तेव्हा मीही खडा वाळवून मोजला होता,” तो म्हणाला. “काटा हलला नाही. मी डोळ्यांनी पाहिलं. आणि तरीही दुसरा लेख लिहिला, की वाळवला तरी हलतो, जर्मनांचंच काहीतरी चुकलंय. पहिली चूक पावसाची होती, नाना. दुसरी माझी.”

मी बायकोला चहा टाकायला सांगितलं.

चहा घेताना मी विचारलं, भावाला हे माहीत आहे का. तर नाही. भाऊला सांगायचं म्हणूनच तो आदल्या दिवशी वाडीवर गेला होता. गेणू तिसरीतून शाळा सोडलेला माणूस, पण पावसाळ्यात नदीला पाणी असलं की धाकट्या भावाला खांद्यावर घेऊन पलीकडं शाळेत पोचवायचा. स्वतः गळ्यापर्यंत भिजायचा, पण भिकाजीच्या पाटीदप्तराला थेंब लागू द्यायचा नाही. “माझी पाटी कधी ओली झाली नाही,” भिकाजी म्हणाला. मी त्या वाक्याच्या जवळ गेलो नाही.

पण वाडीवर सांगायचं राहूनच गेलं. कारण ओट्यावर आधीच माणसं बसली होती. जगभर दाखले देणारा माणूस घरी आलाय म्हटल्यावर कुणी रहिवासाच्या दाखल्यासाठी आला होता, कुणी मुलाच्या वयाच्या. गेणू त्यांना रांगेत बसवत होता. येसूमावशी नावाच्या म्हातारीला आपला नवरा मेल्याचा दाखला हवा होता. नवरा मरून बरीच वर्षं झाली होती, सगळ्या वाडीनं त्याला पोचवला होता, पण कागद नव्हता. भिकाजीनं परोपरीनं सांगितलं की मावशी, माझ्या सहीला तसा काही अर्थ नाही. गेणू म्हणाला, “लाजतुय त्यो. तू बस, मावशे.”

“मग?” मी विचारलं.

“दिली सही. नावापुढं डॉक्टरसुद्धा लिहिलं.” कप खाली ठेवत तो म्हणाला, “फार दिवसांनी एखाद्या खऱ्या गोष्टीवर सही केली.”

जाताना त्यानं दारात सांगितलं की सत्काराच्या आधी भाऊला गाठून सांगणार. भाऊ त्या दिवशी त्याला फेटा बांधणार होता. मानाचा फेटा घरातल्या थोरल्यानं बांधायचा, ही पद्धत. भावाला काही माहीत नसताना त्याच्या हातून फेटा बांधून घेतला, तर ती तिसरी चूक होईल, आणि ती कुठल्या मासिकात दुरुस्त करता येणार नाही, असं तो म्हणाला.

मी मानपत्र लिहायला बसलो. खोटं मानपत्र मी एका बैठकीत लिहितो. खरं लिहायला पाच दिवस लागले. शेवटी जमलं ते असं: ‘आपले नाव आज जगातील सर्व प्रगत देशांत घेतले जाते. आपले स्मरण केल्याशिवाय या विषयातील कोणीही पुढे पाऊल टाकीत नाही. आपल्यामुळे कित्येकांचे संशोधन अधिक काळजीपूर्वक झाले.’ भिकाजीला मजकूर दाखवला. त्यानं दोनदा वाचला आणि म्हणाला, “यात एक अक्षर खोटं नाही. म्हणून तर भीती वाटते.”

सत्काराच्या दिवशी गिरणीच्या अंगणात पोत्यांची थप्पी लावून व्यासपीठ केलं होतं. वर सतरंजी, मागे अब्दुल पेंटरनं रंगवलेला फलक: ‘ज्यांचा दाखला सारे जग देते’. अब्दुल पाट्याही रंगवायचा आणि कर्णाही भाड्यानं द्यायचा, त्यामुळे कार्यक्रमाचा आवाज आणि अक्षर दोन्ही त्याच्याच ताब्यात असे. नाणे मावळातून बैलगाड्या आल्या होत्या. पलीकडच्या पवन मावळातली माणसंही होती. बायका एका बाजूला, त्यांत पहिल्या ओळीत येसूमावशी. गेणू नवी टोपी घालून, गुलाबी फेट्याचं कापड दोन्ही हातांवर घेऊन सकाळपासून उभा होता. ते खाली ठेव म्हटलं तर ठेवेना, मळेल म्हणाला.

भिकाजी सकाळी लवकर आला होता, भावाला बाजूला घ्यायला. पण ज्याच्या हातांवर फेटा आहे त्याला बाजूला घेता येत नाही. लोक मध्ये येतात, पाया पडतात, फोटोवाला उभं राहायला सांगतो. मी लांबून बघत होतो. तीनदा तो भावाच्या कानाशी गेला आणि तीनदा भलतंच काहीतरी बोलून परत आला. एकदा तर जेवलास का, असं विचारलं.

रतनशेठ बोलले. मी मानपत्र वाचलं. मग फेट्याची वेळ झाली आणि गेणू पुढं सरला. तेवढ्यात भिकाजी उठून माइकसमोर गेला.

“मी या सत्काराला पात्र नाही,” तो म्हणाला.

टाळ्या पडल्या.

इथं घोटाळा झाला. मी आयुष्यात पुष्कळ सत्कार पाहिले आहेत, आणि ‘मी या सत्काराला पात्र नाही’ या वाक्यानं सुरू न झालेलं उत्तराचं भाषण मला आठवत नाही. गणपतीच्या आधी जसं काही म्हणता येत नाही, तसं त्या वाक्याच्या आधी काही म्हणता येत नाही. भिकाजी सभांना जाणारा माणूस नव्हता. त्याला वाटलं, आपण काहीतरी नवीन सांगतोय.

“मी खरं सांगतोय,” तो म्हणाला. “माझा शोध चुकीचा होता.”

टाळ्या वाढल्या. रतनशेठ माझ्या कानाशी वाकून म्हणाले, विद्या विनयेन शोभते ते असं. त्यांचे डोळे भरून आले होते.

“मी मीठ वाळवलं नव्हतं. मला जे सापडलं ते नुसतं पाणी होतं.”

पुढच्या रांगेतला एक म्हातारा जाणत्या आवाजात म्हणाला, “समदं पानीच हाये, बाबा.” त्याच्या आजूबाजूच्या दोघातिघांनी हात जोडले.

भिकाजीच्या कपाळावर घाम आला. त्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं. मी काय करणार. मानपत्र मीच लिहिलं होतं.

“लोक माझा दाखला देतात तो असं करू नये म्हणून देतात,” तो जवळजवळ ओरडला. “आणि मीठ वाळवल्यावर चूक कळली, तरी मी ती कबूल केली नाही. मी खोटं लिहिलं.”

एक क्षण अंगण शांत झालं. मला वाटलं, पोचलं. मग कुणीतरी मागून सुरुवात केली आणि अशा टाळ्या झाल्या की गिरणीच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. एवढा मोठा माणूस, आणि स्वतःला खोटारडासुद्धा म्हणवून घेतो, केवढं हे मन. येसूमावशी पदरानं डोळे पुसत होती.

फक्त गेणू टाळ्या वाजवत नव्हता. हातांत फेटा होता म्हणून, असं बाकीच्यांना वाटलं असेल. तो हळूहळू भावाजवळ आला. अब्दुलला काय कळलं कोण जाणे, त्यानं कर्णा बंद केला. मी शेजारीच होतो, म्हणून मला ऐकू आलं.

“खरं बोलतुयास?” गेणूनं विचारलं.

“व्हय.”

“ठाव असून लिव्हलंस?”

“व्हय, भाऊ.”

गेणूनं मागच्या फलकाकडं पाहिलं. त्याला वाचता येत होतं, पण वेळ लागायचा. त्यानं तो सगळा वाचला. मग लोकांकडं पाहिलं. वाडीतली माणसं होती, गिरणीतले हमाल होते. ज्यांना ज्यांना त्यानं अमेरिकेचा कागद कसा सरकतो ते समजावून दिलं होतं, ते सगळे होते. त्याचे कान लाल झाले होते. तो खाली उतरून जाईल असं मला वाटलं, आणि भिकाजीलाही तसंच वाटलं असावं, कारण त्यानं डोळे मिटले.

“मान खाली घाल,” गेणू म्हणाला.

मराठीत या वाक्याचे दोन अर्थ होतात. गेणू भावापेक्षा वीतभर बुटका होता, हात पोचत नव्हता, हा त्यातला एक. भिकाजीनं मान खाली घातली. गेणू फेटा बांधू लागला. एकेक फेरा ओढून, घट्ट, पहिलवानाला बांधावा तसा. फार वेळ लागला. लोक टाळ्या वाजवून थकले आणि मग नुसते बघत राहिले. बांधून झाल्यावर गेणू मागं सरला आणि पोत्यांवरून उतरून गिरणीत निघून गेला. भिकाजीची मान तशीच होती. छापून आलेल्या फोटोत फक्त फेटा दिसतो, त्याखाली कोण आहे ते ओळखू येत नाही.

त्यानंतर महिना-दीड महिना भावाभावांचं बोलणं नव्हतं. शिमग्याच्या सुमाराला भिकाजी पुन्हा माझ्याकडं आला. सांगत होता की त्यानं त्या विलायती मासिकाला एक छोटं टिपण पाठवलंय. दुसऱ्या लेखातलं मोजमाप खोटं होतं आणि ते मला माहीत होतं, एवढंच. संचालकांनी त्याला बोलावून घेतलं होतं आणि फार वेळ उभं ठेवलं होतं. ते त्यानं एका वाक्यात सांगितलं, आणि मीही जास्त विचारलं नाही.

“छापतील?” मी विचारलं.

“छापतील. पण त्याचा दाखला कुणी देणार नाही. असल्या टिपणांचा देत नाहीत.” मग म्हणाला, “तसा एक दिलाय म्हणा. आत्ता कामशेतला उतरलो होतो.”

तो गिरणीवर गेला होता, भावाला भेटायला. आत जायचा धीर होईना म्हणून भिंतीशी उभा राहिला. आत कुणा शेतकऱ्याची गाडी गेणूनं अडवली होती. भात ओलसर होतं. शेतकरी म्हणत होता, एवढ्यानं काय होतंय गेणूभाऊ, घ्या की. गेणू म्हणाला, “आमच्या भिक्याचा दाखला हाये. त्यानं बी असंच मीठ वाळवलं न्हाई. आन् मंग वाळवलं, तर खोटं बोलला. आज जगभर नाव घेत्यात त्येचं. तुजं बी घ्यायला लावू का? ने घरी, चांगलं ऊन दे.”

“त्रेसष्ट जणांनी नुसतं पहिलं लिहिलं, नाना,” भिकाजी म्हणाला. “भाऊनं दोन्ही सांगितलं.”

तो हसायचा प्रयत्न करत होता, पण चेहरा काही ऐकत नव्हता. मी विचारलं, मग आत गेलास का.

“गेलो.”

“काय म्हणाला?”

“माझ्याकडं बघितलंच नाही. मग एक पोतं उचलायचं होतं, हमाल जेवायला गेला होता. मी हातांनी डोळे पुसले आणि पुढं झालो.” त्यानं आपले दोन्ही तळवे उलटे करून पाहिले, अजून त्यांच्यावर काही असावं तसे. “म्हणाला, हात वले हायेत तुजे. पूस आदी, मंग धर.”